स्वस्तातला कानसेन

पूर्वीचा कानसेन शोधायचा तर सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात जावे लागे. नव्या कानसेनासाठी त्याच्या टेबलाचा खण उघडला की काम भागते. आत सहा-सात चपट्या डब्या, प्रत्येक डबीत वेणी घातलेली केबल, रबरी टिप्सची पाकिटे, आणि इअरफोनची गोल पिन फोनला जोडणारी दोन डाँगल असतात. त्यांतले एक ‘तात्पुरते’ म्हणून घेतलेले. हा गृहस्थ बहुधा तिशी-चाळिशीतला. नोकरी आयटीत किंवा बँकेत, पगार बरा, घराचे हप्ते चालू. त्यामुळे दोन-अडीच लाखांचे हेडफोन त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत, आणि हे दुःख तो अभिमानासारखे मिरवतो. ‘बजेट’ हा शब्द त्याच्या तोंडी व्रतासारखा येतो. सध्या त्याचे दैवत म्हणजे स्वस्त प्लेनर इअरफोन. माझे म्हणणे असे, की या माणसाची खरेदी चुकलेली नसते, त्याने दिलेली कारणे तेवढी चुकलेली असतात. वस्तू खरोखरच चांगली आहे. पण त्याला होणारा आनंद कानातून आत गेलेला नसतो, तो बिलावरून वर चढलेला असतो. हे त्याला तोंडावर सांगितले तर तो कानातला इअरफोन काढतो, शांतपणे पुसतो आणि म्हणतो, “तू ऐकला नाहीस अजून. मग बोलू आपण.”

प्लेनर म्हणजे काय, हे तो न विचारताही सांगतो, आणि सांगतो ते बरोबर असते. साध्या इअरफोनमध्ये पडद्याला मधोमध एक कॉइल चिकटवलेली असते. ती ढकलेल तसा पडदा हलतो, आणि कडा आपापल्या सोयीने मागून येतात. प्लेनरमध्ये पडदा म्हणजे एक अतिपातळ फिल्म, तिच्यावरच वाहकाच्या रेषा छापलेल्या, आणि शेजारी चुंबकांच्या पट्ट्या. त्यामुळे जवळजवळ सगळा पडदा एकदम ढकलला जातो आणि आवाजातली विकृती कमी राहते. कल्पना नवी नाही. यामाहाने या तत्त्वावरचे एचपी-१ हे हेडफोन १९७६ मध्येच बाजारात आणले होते. अडचण होती ती एवढा संसार कानाच्या भोकात बसवण्याची. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ऑडीझी कंपनीने आयसाइन नावाचे कानात घालायचे प्लेनर काढले. किंमत चारशे ते सहाशे डॉलर, आणि आकार असा की घातल्यावर माणूस अंतराळातून संदेश घेत असावा असे वाटे. पुढे चिनी कंपन्यांनी मनावर घेतले. २०२१ मध्ये सेव्हन-हर्ट्झ कंपनीचा टाइमलेस हा १४.२ मिलिमीटरचा पडदा घेऊन सव्वादोनशे डॉलरच्या आत आला. त्यामागून लेटशुओर एस-१२ आला, आणि बघता बघता शंभर डॉलरच्या आतही प्लेनर मिळू लागले. आज आपल्याकडे पाच-सहा हजारांत ते कानात पडते. कर्नाटकी आंब्याच्या भावात देवगडची पेटी मिळाल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज येते, ते या गृहस्थाच्या चेहऱ्यावर आले ते इथे. आंबा खाऊन झाला तरी ते ओसरत नाही, कारण ते चवीचे तेज नव्हेच. दुसऱ्याने त्याच आंब्याला दुप्पट मोजले, या माहितीचे ते तेज आहे.

पुरावा म्हणून त्याची वाक्यरचना तपासावी. “आवाज छान आहे” असे तो कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, “या किमतीला तोड नाही.” “वीस हजारांच्या खालचे सगळे यापुढे कचरा.” “हा लाखाच्या हेडफोनच्या ऐंशी टक्के आहे.” हे ऐंशी टक्के कोणी, कोणत्या मापाने मोजले, हे विचारू नये. त्याच्या प्रत्येक विधानात रुपया कर्ता असतो आणि संगीत, असलेच तर, क्रियाविशेषण. याहून मोठा पुरावा त्याच्याच आवडत्या संशोधनात आहे. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोन आणि इअरफोनांची मोजमापे किमतीशी ताडून पाहिली. कोणत्या कंपनाला किती जोर मिळतो, याचा आणि किमतीचा काही संबंध त्याला आढळला नाही. आमचा गृहस्थ हा निष्कर्ष महागडे घेणाऱ्यांच्या तोंडावर फेकतो. पण त्याचा सरळ अर्थ घेतला तर स्वस्तातला एक नीट निवडावा आणि विषय संपवावा. त्याने मात्र त्यातून स्वस्तातले सात घेण्याची परवानगी वाचली. सातांची बेरीज केली तर त्यात एक बऱ्यापैकी महागडा हेडफोन सहज बसला असता. ही बेरीज मात्र तो करत नाही, आणि एरवी हिशेबाला तो पक्का आहे. प्रत्येक नव्या डबीला तो ‘एंडगेम’ म्हणतो, म्हणजे हा शेवटचा, यानंतर घेणे नाही. त्याच्या खणात असे शेवट ओळीने मांडलेले आहेत.

यावर तो म्हणेल की प्लेनरचा वेग तुम्हाला कळत नाही. वेग हा त्याचा हुकमाचा एक्का. पडदा हलका, म्हणून तो झटकन हलतो आणि झटकन थांबतो, म्हणून ढोलाचा ठोका सुटसुटीत आणि सतारीची मिंड स्वच्छ. ऐकताना तसे वाटते हे खरे आहे. पण कानाच्या नळीत घट्ट बसणाऱ्या एवढ्याशा यंत्रात, कोणत्या कंपनाला किती जोर मिळतो हे एकदा ठरले की ते किती लवकर उठते आणि किती लवकर विझते हेही बहुतांशी त्यातूनच ठरून जाते. वेग नावाचा स्वतंत्र मसाला वेगळा टाकलेला नसतो. खर्ज आणि मध्यसप्तकाच्या मधला भाग थोडा रोडावला, वरचा पट्टा थोडा उचलला, की आपण त्यालाच वेग म्हणतो. म्हणजे ईक्यूवर (पट्ट्यांचा जोर कमी-जास्त करण्याच्या फोनमधल्या सोयीवर) बोट फिरवून बराचसा तोच परिणाम साध्या इअरफोनमध्येही आणता येतो. आणि इथे खरी गंमत आहे. विकृती कमी असल्यामुळे प्लेनरचा खर्ज ईक्यूने वाढवला तरी तो सहसा फाटत नाही. या वस्तूचा हा सगळ्यात उपयोगी गुण, पण नेमका तोच आमच्या गृहस्थाला तत्त्वतः वर्ज्य. ईक्यू लावणे म्हणजे भेसळ, असे त्याचे मत आहे. फुकट मिळणारी सुधारणा त्याला नको असते, कारण फुकट वस्तूत घासाघीस करून स्वस्त मिळवल्याचा विजय नसतो. तीच गोष्ट डाँगलची. प्लेनरचा विद्युत-रोध सगळ्या कंपनांना जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे पुरेशी ताकद देणारे कोणतेही प्रामाणिक डाँगल त्याच्या स्वरात फरक पाडत नाही. जोडणीतले बदल सर्वांत कमी मनावर घेणारी ही जात. तिच्यासाठीच हा ४.४ मिलिमीटरची बॅलन्स्ड पिन असलेले नवे डाँगल मागवतो, आणि मग आवाजाचा ‘मंच रुंदावला’ असे कळवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कान तयार करावा लागतो, सामान्यांना फरक कळत नाही म्हणून तो नाही असे नव्हे. हे मान्य. हार्मन या ध्वनियंत्रांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह यांनी प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित श्रोत्यांना तेच स्पीकर ऐकवले, तेव्हा प्रशिक्षित कानांचे निवाडे जास्त नेमके आणि ठाम निघाले. पण आवडीचा क्रम दोघांचा जवळपास एकच होता. त्याआधी १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांनी श्रोत्यांना एकदा स्पीकर दाखवून आणि एकदा पडद्याआड ठेवून गुण द्यायला लावले. पडद्याआड बऱ्यापैकी गुण मिळवणारा छोटा, स्वस्त संच दिसल्याबरोबर खाली घसरला. ऐकणारे त्याच धंद्यातले होते. आमच्या गृहस्थात हाच दोष आहे, फक्त उलट्या दिशेने. स्वस्त आहे हे दिसल्याबरोबर त्याचे गुण वाढतात. शिवाय दोन इअरफोन तोलताना दोघांचा आवाज तंतोतंत एका पातळीवर आणावा लागतो, कारण किंचित मोठा वाजणारा आपल्याला मोठा न वाटता चांगला वाटतो. ही काळजी घरी कोणी घेत नाही. टिप कानात नीट न बसल्यामुळे खर्ज गळून जातो, आणि दोष यंत्राच्या माथी येतो. दोन-तीनशे रुपयांच्या टिप्सने जेवढा फरक पडतो तेवढा बाकी कशाने पडत नसावा. पण टिप्सवर त्याच्याकडे दोन वाक्ये असतात, केबलवर व्याख्यान. कोणत्या कंपनाला किती जोर, याचे ग्राफही तो पाहतो. त्यातले आठ किलोहर्ट्झच्या आसपासचे सुळके कैकदा मापनाच्या कृत्रिम कानाचे असतात, प्रत्येकाच्या खऱ्या कानात ते थोडे सरकतात. तरी ग्राफ बघितल्यावर त्याला तिथेच टोचू लागते. रात्री ग्राफ पाहिला नसता तर सकाळी टोचले नसते.

मग या वस्तूचा आवाज तरी कसा आहे? तो तपासायला आपल्याकडे जवळचीच साधने आहेत, पण हा गृहस्थ परदेशी गिटारवादनाच्या चार तुकड्यांवर निकाल लावतो. तंबोरा लावून पाहावा. जवारी नीट लागलेल्या मिरजेच्या तंबोऱ्यात उपस्वरांची दाट गर्दी असते, आणि वरच्या पट्ट्यात इअरफोनने जरा जास्त जोर लावला की ती लगेच चुगली करते. बऱ्याच स्वस्त प्लेनरांवर जवारीत एक कोरडी, धातूची चकाकी मिसळते. तबल्याचेही तसेच. शाईमुळे तबला-मृदंगाचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवले होते. म्हणूनच तबला सुरात लागतो, आणि म्हणूनच चाटेवरचा ‘ना’ पातळ झाला तर कानाला कळते. बायाँ मात्र प्लेनरवर खणखणीत आणि खोल उतरतो, फक्त त्याचा घुमारा लवकर आटोपल्यासारखा वाटतो. गर्दीच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिनचा ताफा आणि गायिका वेगवेगळे दिसावेत ही प्लेनरची खरी कमाई. पाच-सहा हजारांत हे मिळणे दहा वर्षांपूर्वी अशक्य होते, आणि ख्याल ऐकणाऱ्याने वरचा पट्टा ईक्यूने दोन-तीन डेसिबल खाली आणला तर तक्रारीला जागा उरत नाही. डबीवरच्या सोनेरी ‘हाय-रेझ’ चिन्हाचा मात्र यात काही वाटा नाही. ते मिळवायला चाळीस किलोहर्ट्झपर्यंत मजल हवी. माणसाचा कान वीसला थांबतो, चाळिशी ओलांडलेल्याचा त्याच्याही बराच अलीकडे. गोव्याच्या केरी गावच्या गायिका केसरबाई यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून अंतराळात गेली, ती जेमतेम साडेतीन मिनिटांची ७८ आरपीएमची ध्वनिमुद्रिका होती. वरच्या कंपनांच्या जागी तिच्यात खरखरीखेरीज फारसे काही नाही. पलीकडच्यांकडे कोणते इअरफोन आहेत याची चौकशी न करताच ती पाठवली गेली. आमचा गृहस्थ तीच भैरवी ऐकतो, आणि साडेतीन मिनिटे झाल्यावर खरखर किती ‘तपशीलवार’ आली ते सांगतो.

शेवटचा आक्षेप असा, की बिचारा कोणाचे काय बिघडवतो? दारू नाही, पत्ते नाहीत, पैसेही बेताचेच. हे अगदी खरे, आणि म्हणूनच हे व्यक्तिचित्र आहे, फिर्याद नाही. त्याच्या छंदाचा काही उपयोग नाही असेही नाही. नवी डबी आली की जुनी कोणाला तरी द्यावी लागते, आणि बहुतेक घरांत तो मान कॉलेजात जाणाऱ्या भाच्याकडे जातो. भाच्याला पडदा किती मिलिमीटरचा हे माहीत नसते. त्याने ग्राफ पाहिलेला नसतो, आणि किंमत शून्य असल्यामुळे कशाशी ताडून पाहायलाही जागा नसते. तो लोकलमध्ये गाणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतो, मधेच थांबवून खर्ज तपासत नाही. बजेट प्लेनरचे पुरेपूर मोल वसूल झालेला या साऱ्या व्यवहारात माझ्या मते तो एकटाच. त्याची एकच अडचण असते, फोनला गोल पिनचे भोक नसते. “मामा, ते जोडायचं छोटंसं असतं ना, ते पण देशील?” असे तो विचारतो, आणि मामा ते लगेच काढून देतो. भाच्याला तो उदारपणा वाटतो. मामाला नव्या डाँगलचे कारण हवेच होते.