लाइटबिलावरून मर्तिक: कॅन्सर-संशोधकांसाठी पहिला धडा

पीएचडीचं पाचवं वर्ष, फेलोशिप संपत आलेली, आणि गाइडना 'कॅन्सर पेशी मारणारं' काहीतरी हवंय? घाबरू नका. पंधरा दिवस पुष्कळ झाले.

१. पेशी मिळवा. हीला घ्या. १९५१ साली बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून, त्यांना न विचारता घेतलेल्या या पेशी वाट्टेल ते सोसतात. पुण्यातल्या एनसीसीएसच्या भांडारातून रीतसर मागवता येतात. पण शेजारच्या लॅबमधला मित्र आजच फ्लास्क देतो. मायकोप्लाझ्माची टेस्ट करू नका. केली की सापडतो.

२. एन्झाइम अडवा. २-डीऑक्सिग्लुकोज हा साखरेचा बहुरूपी. हेक्झोकायनेज त्याला ग्लुकोज समजून फॉस्फेट चिकटवतं, मग गाडी पुढे सरकत नाही, माल तुंबतो आणि हेक्झोकायनेजचीच कोंडी होते. अडचण एकच: नेहमीच्या हाय-ग्लुकोज मीडियात साखर ४५० असते. हो, तुमच्या बाबांच्या रिपोर्टवर असते तीच साखर, त्याच मापात. एवढ्या खऱ्या साखरेपुढे बहुरूप्याचं काय चालणार? डोस वाढवा. दहा मिलिमोलर, वीस. माणसाच्या रक्तात एवढं चालेल का, ते पेशंट विचारेल तेव्हा बघू.

३. आता एमटीटी. इथे घाई नको, सगळी जादू इथेच आहे. पिवळा रंग घाला, तीन-चार तास थांबा. पेशींची एन्झाइमं एनएडीएच खर्चून त्याचे जांभळे, सुईसारखे स्फटिक करतात. ते डीएमएसओत विरघळवा, ५७० नॅनोमीटरला रीडिंग घ्या. जांभळा निम्मा आला? लिहा: 'पन्नास टक्के पेशी मृत.'

मोजलात तो चयापचय, आणि तोच तर तुम्ही औषधाने दाबला होता. लाइटबिल निम्मं आलं म्हणून निम्मं घर वारलं, असं जाहीर करण्यातला हा प्रकार; पण तक्त्यात छान दिसतो. म्हणून ट्रिपॅन ब्लू घालून पेशी मोजायच्या भानगडीत पडू नका. डोळे दुखतात, शिवाय पेशी जिवंत निघायची भीती.

४. प्लेटच्या कडेच्या ३६ खळग्यांतलं पाणी उडतं. औषध तिथे, कंट्रोल मधोमध.

५. एकाच प्लेटमधले तीन खळगे म्हणजे 'तीन स्वतंत्र प्रयोग'. एकाच पातेल्यातलं वरण तीनदा चाखून तीन घरी जेवल्यासारखं वाटेल थोडं. सवय होते. एरर बार मात्र इतके बारीक येतात की सरांचे डोळे पाणावतात.

६. साध्या, निरोगी पेशींवर काय होतं? 'पुढील संशोधनाची दिशा' या मथळ्याखाली टाका.

आणि एमटीटी न घातलेली जादा प्लेट उरली असेल, तर आजच ब्लीच ओतून टाकून द्या. चुकून कोणी औषध धुऊन ताजा मीडिया घातला, तर तुमच्या त्या मेलेल्या पेशी सोमवारपर्यंत तळ भरून टाकतील.