अबॉर्ट की रिट्राय?

पनवेलातल्या एका ऑफिसात परवा साडेदहाला टोकन घेतलं. नंबर ४७. (ऑफिसचं नाव सांगत नाही; काम अजून व्हायचंय.) बाराच्या सुमारास शेहेचाळिसावे काका खिडकीशी असताना आतून आवाज आला, "सर्व्हर डाऊन!"

खिडकीतल्या बाईंच्या स्क्रीनवर एक चाक गरगरत होतं. ते थांबलं तेव्हा सेशन संपलेलं. काकांचा निम्मा भरलेला फॉर्म गेला तो गेलाच. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, पुन्हा कॅपचा. ती वाकडीतिकडी अक्षरं बाईंना लागेनात, तेव्हा रांगेतल्या एका पोराने काचेतून वाचून दाखवली.

सर्व्हर पूर्वी आमचाही पडायचा. १९९५ साली मी तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पावत्या बडवायचो. सर्व्हरवर नॉव्हेलचं नेटवेअर, आमच्या डॉसच्या मशीनवर त्याचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी जोडून देणारा प्रोग्राम. एफ ड्राइव्ह आपल्या डब्यातला नसून एसी केबिनमधल्या सर्व्हरचा आहे, याचा पत्ताच लागायचा नाही. 'कॅप्चर' कमांड दिली की मशीनला वाटायचं प्रिंटर आपलाच, आणि पावती तिकडे अकाउंट्सच्या खोलीत डॉट मॅट्रिक्सवर करकरायची. तेव्हाचं कॅप्चर काम करायचं, आताचा कॅपचा काम लावतो.

सगळी मशीनं एकाच काळ्या केबलवर ओवलेली. मावशींचा झाडू लागून बीएनसीच्या टीमधून केबल निसटली की सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच प्रश्न: अबॉर्ट, रिट्राय? केबल बसवायची, 'आर' दाबायचं, पावती पुढे चालू. नेट डॉट सीएफजी फाइलमध्ये 'ऑटो रिकनेक्ट' चालू असलं, तर सर्व्हर बंद पडून उठल्यावर क्लायंट आपणहून परत जोडला जायचा. नंतरचा क्लायंट ३२ तर उघड्या फाइलीसुद्धा पुन्हा धरून द्यायचा. कोण कुठे होतं, हे लक्षात ठेवणं हेच त्याचं काम.

आता खिडकीच्या आत मशीन क्लायंट, बाहेर मी क्लायंट. दारातला एजंट मला तसंच म्हणतो. पण मी चहाला गेलो आणि तेवढ्यात नंबर पुकारला, तर टोकन बाद. माझ्यात ऑटो रिकनेक्ट बसवलेलं नाही.

दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. बाईंना विचारलं, "मॅडम, उद्या येऊ का?"

"या ना."

"उद्या सर्व्हर असेल?"

"सर्व्हर असेल हो. उद्या साहेब नाहीत."