शिक्कामोर्तब

आमच्या तळा गावात गुपित टिकतं ते फार तर पुढची एसटी येईपर्यंत. बाजारातून पिशवी घेऊन निघालो की चौथ्या दुकानापाशी हाक येतेच, "गुरुजी, आज सुरमई? पाहुणे आलेत वाटतं!" अशा गावात राहणाऱ्या माझ्या ईमेलवर अमेरिकेची नजर असू शकते, असं भाच्यानं सांगितलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, जरा बरंच वाटलं. गावाबाहेरचंही कुणीतरी विचारपूस करतंय!

भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. गणपतीला आला होता. मोदक खाता खाता त्यानं 2013 सालची स्नोडेनची गोष्ट सांगितली. अमेरिकेची एनएसए ही संस्था 'प्रिझम' नावाच्या योजनेतून बड्या कंपन्यांकडून लोकांच्या मेल मिळवत होती, आणि या पठ्ठ्यानं तिचीच कागदपत्रं पत्रकारांच्या हाती दिली. एवढं सांगून भाच्यानं सहज विचारलं, "मामा, तुमचं खातं कुणी उघडून दिलं?"

मी खरं ते सांगितलं. स्टँडजवळ एक दुकान आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचे फॉर्म, सगळं तिथंच होतं. पेन्शनच्या कुठल्याशा अर्जात ईमेल मागितला होता, तो दुकानातल्या पोरानं दोन मिनिटांत काढून दिला. पोरगा माझाच विद्यार्थी. पासवर्ड म्हणून माझं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. आणि मोबाइल नंबर घातला स्वतःचा, कारण "गुरुजी, तुम्ही फोन उचलत नाही." त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे जातो. मी त्याला फोन करतो, तो आकडे सांगतो, वर जोडून देतो, "पेन्शनचं पत्र आलंय बघा. आणि ताईनं बारशाचे फोटो धाडलेत, छान आलेत." हे माझ्या एकट्याचंच नाही. त्याच्याकडे दोनशे पानी वही आहे. गिऱ्हाइकाचं नाव, ईमेल, पासवर्ड, आणि शेवटच्या रकान्यात उधारी.

भाच्यानं हातातला मोदक ताटात परत ठेवला. प्रिझमचं मुख्यालय आमच्या एसटी स्टँडवर निघेल, असं त्याला वाटलं नसावं.

मी गावाची बाजू घेतली. पत्र एकट्यानं वाचायचं असतं, ही कल्पनाच मुळी नवी. आमच्या आजीला मुंबईची पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा, आणि रडण्याच्या जागी थांबून पाणीही मागायचा. उघडं पोस्टकार्ड आपल्या देशात 1879 पासून आहे. सरकारचं म्हणाल तर 1898 च्या टपाल कायद्यातच पत्र अडवायची सोय होती. 1986 मध्ये संसदेनं ती आणखी सैल करणारं विधेयक मंजूर केलं, तर राष्ट्रपती झैलसिंगांनी त्यावर सहीच केली नाही. पुढे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. (आमच्या घरात दोघांचं एकमत होत नाही.) आणि 2023 च्या नव्या टपाल कायद्यातही पत्र अडवायची सोय आहेच. थोडक्यात, आजीचा पोस्टमन निदान पाणी तरी मागत होता.

मग पत्रांचीच आणखी जुनी गोष्ट सांगायला मी त्याला ओट्यावरून तळगड दाखवला. 1665 च्या पुरंदरच्या तहात महाराजांकडे जे बारा किल्ले राहिले, त्यांतला हा एक. त्या काळच्या पत्रांत वर शिक्का असायचा, आणि मजकूर संपला की खाली मोर्तब. शिक्का सांगतो पत्र कुणाचं, मोर्तब सांगतं की इथं संपलं, याखाली कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. भाचा ताडकन उठला. "मामा, ही तर डिजिटल सही!" संध्याकाळपर्यंत मी बंडी न घालता सदरा घालून हिंडलो.

त्या भरात त्यानं मला कूटलेखन शिकवलं. आपलं उघडं कुलूप सगळ्यांना वाटायचं, किल्ली मात्र आपल्याकडेच. कुणीही पत्र पेटीत घालून कुलूप दाबून लावावं, उघडणार फक्त आपण. अडचण एवढीच की समोरच्याकडेही कुलूपकिल्ली लागते, आणि माझ्या ओळखीत ती असलेला माणूस म्हणजे भाचाच. तो पुण्याला गेल्यावर मी त्याला पहिली गुप्त मेल धाडली. विषय: 'सुकट एसटीनं पाठवली, पिशवी फुटली आहे, सूनबाईला कळू देऊ नकोस.' आत मजकूर: 'वर लिहिल्याप्रमाणे.'

लगेच फोन. "मामा, विषयाची ओळ कुलुपात जात नाही! कुणी, कुणाला, कधी पाठवलं हेही उघडंच राहतं."

म्हणजे पाकीट. ते मला त्यानं शिकवायला नको होतं. कोपऱ्याला कुंकू लागलेलं पाकीट म्हणजे लग्न, दर महिन्याला त्याच हस्ताक्षरात येणारं म्हणजे लग्नाच्या आधीचं प्रकरण. आमच्या पोस्टमननं एकही पाकीट न फोडता गावातली निम्मी लग्नं आधी ओळखली होती.

राहता राहिला पासवर्ड. ओटीपी माझ्या मोबाइलवर आणला, वहीतल्या ओळीवर स्वतः काट मारून आलो (उधारीचा रकाना पोरानं हाताखाली झाकला). भाचा म्हणाला होता, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा, कुणाच्या बापाला सुचणार नाहीत. सुचले. रात्री पाठ केले, कागदावर उतरवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर बसून एका बोटानं टाइप करू लागलो. पडद्यावर नुसते ठिपके उमटतात, काय चुकलं कळत नाही. चाळीस वर्षं शुद्धलेखन घातल्यामुळे अक्षर मोठ्यानं उच्चारल्याशिवाय माझं बोट उठत नाही. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा जरा खणखणीत आवाजात म्हटलं, तरी चुकलंच.

गडग्यापलीकडून शेजारच्या पाचवीतल्या पोराचा आवाज आला, "गुरुजी, तिसऱ्या शब्दात एच राहिला!"