ठोकपाल

घरात सिमेंटची एक गोणी येऊ द्या, ती हमालाच्या खांद्यावरून उतरायच्या आत ठोकपाल दारात उभे असतात. त्यांना बोलवावं लागत नाही, आणि बोलावलं नाही म्हणून रागही येत नाही. "चपला काढू, की आत कामच चाललंय?" एवढं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता ओणवे होऊन जमिनीवर टकटक करायला लागतात. प्रत्येक सोसायटीच्या वाट्याला असा एक निवृत्त इंजिनिअर येतोच. पार्किंग मिळेल न मिळेल, हा मिळतो. आमचे बांधकाम खात्यातून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं होतील. ही बातमी खात्याला कळलेली आहे, त्यांना स्वतःला अजून कळायची आहे.

ठोकायला ते १९७५ सालचा जाड रुपया वापरतात. हल्लीच्या नाण्यांना आवाज नाही, असं त्यांचं मत आहे. रुपया उभा धरायचा, कडेनं टक्‌ करायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच: 'भरीव' किंवा 'पोकळ'. मधलं काही नाही. भरीव निघालं तर चेहरा पडतो. पोकळ निघालं की खिशातून खडू येतो आणि त्या जागेभोवती गोल काढला जातो.

हा प्रकार फक्त जमिनीपुरता असता तर सोसला असता. पण बाजारात कलिंगड, दुकानात कपाट, लग्नाच्या हॉलमध्ये स्टेज, काही म्हणून सुटत नाही. गणेशोत्सवात प्रमुख पाहुणे बोलायला उठले तेव्हा हे व्यासपीठाखाली वाकून फळ्या वाजवत होते. 'पोकळ!' हा निकाल नेमका भाषणाच्या मध्ये माइकनं उचलला आणि टाळ्या पडल्या. त्या फळ्यांना होत्या की भाषणाला, हे पाहुण्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. मागं छातीत कफ साठला म्हणून ठोकपालांना दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर पाठीवर बोटं ठेवून वाजवून बघत होते, तर हे खाली मान घालून म्हणाले, "कोपरे राहिले, डॉक्टर."

आम्ही राहतो ठाण्याच्या नौपाड्यात, जुन्या तीन मजली इमारतीत, तळमजल्यावर. घरात लाल ऑक्साइडचा कोबा. आईनं वर्षानुवर्षं खोबरेलाच्या बोळ्यानं पुसून त्याला अशी काही चकाकी आणली होती की त्यात पंख्याची पाती दिसायची. पण जागोजागी तडे गेले, दाराशी खड्डा पडला, आणि घरात ठराव झाला की आता टाइल. दोन बाय चार फुटांची, आयव्हरी, मोरबीची. रंगावर चर्चा झाली, चकाकीवर झाली, सांध्यातल्या ग्राउटच्या छटेवर तर मतदान झालं. खाली काय आहे, हा विषय कोणाच्या मनातही आला नाही. मिस्त्री म्हणाला, "वरच्या वर टाकून देतो, चार दिवसांत मोकळे." असा सज्जन मिस्त्री लाभल्याचा आनंद आम्ही संध्याकाळपर्यंत उपभोगला. संध्याकाळी गोण्या आल्या.

रात्री साडेनऊला आमच्या दिवाणखान्याचा नकाशा झालेला होता. खडूचे लहानमोठे गोल, त्यांत आकडे, काहींत प्रश्नचिन्हं. सगळं घर गोल चुकवत चालत होतं. मग ठोकपालांनी चहाच्या कपातला चमचा धुऊन मागितला आणि कोब्यावर पाण्याचे थेंब सोडले. थेंब टपोरे बसून राहिले.

"बघा. पीत नाहीये."

"मग चांगलंच की," मी म्हटलं.

"पाणी पीत नाही ती जमीन सिमेंट काय पिणार? तेल मुरलंय. हे सगळं खरवडायचं, छन्नीनं टाचे मारायचे. आणि तुमची ती व्हिट्रिफाइड टाइल, ती तर अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. वरची धरत नाही, खालची धरत नाही. मध्ये सिमेंट काय करणार? अॲडहेसिव्ह आणा. आयएस १५४७७ बघून आणा."

आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतक्या वर्षांच्या मायेवर कोणी असं बोट ठेवलं नव्हतं.

जाताना त्यांनी दोन हात लांब-रुंद प्लास्टिकचा कागद कोब्यावर पसरला आणि चारही कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. तळमजल्याला जमिनीतून ओल चढते, ती अशी सापडते म्हणे. चोवीस तास त्याला कोणी हात लावायचा नव्हता. दुसऱ्या रात्री येऊन त्यांनी कागद उलटा केला, चष्मा कपाळावर चढवून आतल्या बाजूनं बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. त्यांना इतकं वाईट वाटलं की आमच्या हिनं त्यांना लाडू दिला.

खरी जुगलबंदी मिस्त्रीशी झाली. मिस्त्री राजस्थानचा, हाताला तयार, पण त्याच्या धंद्याचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: "काका, टाइल के नीचे कौन देखता है?"

"टाइल देखती है!" काका गरजले. "और दो साल में बोलती है!"

मग टाचे मारणं सुरू झालं. तीन बिगारी, सबंध घरभर लाल धूळ, डाळीला लाल धुळीची फोडणी. राडारोड्याच्या गोण्या जिन्याखाली रचल्या गेल्या आणि सेक्रेटरींची चिठ्ठी आली. झाडून, धुऊन काम संपलं असं मिस्त्रीनं जाहीर केलं तेव्हा ठोकपाल गुडघ्यांवर बसले. तळहात सपाट टेकवला आणि सावकाश, एकाच दिशेनं, वीतभर सरकवला. मग तो हात मिस्त्रीच्या नाकासमोर धरला. रेषांमध्ये बारीक पांढुरकी पूड बसली होती. "टाइल इसको चिपकेगी. जमीन को नहीं." मिस्त्रीनं मुकाट्यानं पुन्हा पाणी मारलं. त्या दिवसापासून बिगारी पोरं स्वतःच हात फिरवून एकमेकांना दाखवायला लागली.

लेव्हलच्या दिवशी मिस्त्रीनं लेसर काढला. भिंतीवर लाल रेघ उमटली. ठोकपालांनी पिशवीतून पाण्याची पारदर्शक नळी काढली. एक टोक पोराच्या हातात, एक स्वतःच्या. नळीत अडकलेला बुडबुडा निघेपर्यंत पोराला चार वेळा खालीवर करायला लावलं, कारण बुडबुडा असला की पाणीही खोटं बोलतं. अखेर नळी आणि लेसर यांचं एकमत झालं, तेव्हा त्यांनी लेसरला शाबासकी दिली. मग दहा फुटी ॲल्युमिनियमचा पट्टा जमिनीवर आडवा ठेवून त्याखाली टॉर्च मारला. एवढ्या मोठ्या टाइलला दहा फुटांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार चालत नाही. आमच्या दाराशी पट्ट्याखालून उंदीर गेला असता.

तो खड्डा भरला आणि प्रश्न आला मुरण्याचा. मिस्त्री म्हणाला उद्या. काका म्हणाले २८ दिवस. "वाळलं म्हणजे मुरलं नव्हे!" इथं आमच्या हिनं सूत्रं हाती घेतली आणि कोथिंबिरीच्या जुडीसारखा भाव पाडत २८ वरून ७ वर आणला. ते सात दिवस ठोकपाल सकाळ-संध्याकाळ येऊन ओल्या गोणपाटावर पाणी शिंपडत होते. बाथरूमचा उतारही त्यांनीच बघितला, मीटरला एक सेंटिमीटर, पाणी जायच्या भोकाकडे; त्यासाठी एक गोटी आणली होती. गोटी भोकात जाऊन पडली की पुन्हा काढायची, पुन्हा सोडायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस इतका वेळ गोट्या खेळताना मी पहिल्यांदाच पाहिला.

चार दिवसांचं काम महिन्यावर गेलं. नातेवाइकांना आम्ही 'काम चालू आहे' एवढंच सांगायचो, त्यांना वाटायचं बंगला बांधतोय.

पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडानं त्याच सुमारास जुन्या मोझॅकवर वरच्या वर टाइल टाकून घेतली होती. प्रत्येक टाइलखाली मालाचे पाच-पाच ठिपके, भिंतीला घट्ट टेकवून, चार दिवसांत मोकळे. वास्तुशांतीची बासुंदीही आम्ही धुळीच्या कपड्यांत जाऊन खाल्ली. पुढच्या मे महिन्यात भर दुपारी वरती धडाम्‌ आवाज झाला. सिलिंडर फुटला समजून सगळे जिन्यात जमलो. वर जाऊन बघतो तर हॉलच्या मध्यावर टाइलची एक आख्खी ओळ तंबूसारखी उभी राहिलेली.

ठोकपाल गर्दीतून पुढं आले. 'मी सांगत होतो' ऐकायची आम्ही सगळ्यांनी तयारी केली होती. खरं सांगायचं तर ते ऐकून त्यांच्यावर एकदा मनसोक्त चिडायची सोय होईल, अशी आशा होती. त्यांनी ती होऊ दिली नाही. खाली बसले, भिंतीकडेला बोट घालून बघितलं. "फुगायला जागा ठेवायची राहिली," एवढंच म्हणाले, आणि त्या घरच्या आजी अनवाणी आहेत हे बघून काचेसारखे तुकडे स्वतः वेचायला लागले. रुपया खिशातून काढलासुद्धा नाही. माणूस बरा आहे, हे मला त्या दिवशी नाइलाजानं मान्य करावं लागलं.

आता आमच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट ठरलंय. तीन मजल्यांचे चौदा होणार. म्हणजे ठोकपालांनी मिलिमीटर-मिलिमीटरनं आणलेली आमची जमीन येत्या वर्षात ब्रेकरखाली जाणार. जिन्यात भेटले तेव्हा मी तसं बोलून गेलो. ते म्हणाले, "निघताना त्रास देईल हो. नीट बसलीय ना." आणि हसले. त्यांचे गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून काठीच्या टोकाला त्यांनी तो रुपया बसवून घेतलाय. त्यामुळे ते येतायत हे अलीकडे आधी कळतं, तेवढाच फायदा.

बिल्डरनं सभासदांना सॅम्पल फ्लॅट दाखवला. आम्ही सगळे मान वर करून फॉल्स सीलिंगमधले दिवे मोजत होतो. कोणी मॉड्युलर किचनचे ड्रॉवर ओढून बघत होतं, कोणी फोटो काढून अमेरिकेला मुलाला पाठवत होतं. आतल्या खोलीतून टक्‌ टक्‌ ऐकू येत होतं. तासाभरानं ठोकपाल बाहेर आले. त्यांच्या मागून बिल्डरचा तरुण इंजिनिअर आला, आणि त्याच्या हातात खडू होता.

मग करारासाठी मागण्या लिहून घेतल्या. कोणाला चिमणी हवी, कोणाला व्हिडिओ डोअरफोन, कोणाला दुसरं पार्किंग. सगळ्यांवर घासाघीस झाली, निम्म्या उडाल्या. ठोकपालांची मागणी एकच होती: ताबा देण्याआधी प्रत्येक टाइल वाजवून बघायची, पोकळ निघेल ती उखडून पुन्हा बसवायची. बिल्डर हसला. यात चिमणी नाही, दुसरं पार्किंग नाही, म्हणजे फुकटचं कलम, असं समजून त्यानं तिथल्या तिथं सही केली. चौदा मजले, मजल्याला चार फ्लॅट, आणि वाजवणार कोण हे त्यानं विचारलंच नाही.