निमंत्रणी सन : इतिहास मंडळांच्या कालगणनेविषयी एक निबंध

मराठ्यांच्या इतिहासात शिरायचे तर आधी कालगणनेशी दोन हात करावे लागतात. शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो; पौष-माघात अडकलात तर ७९. फसलीत ५९० मिळवायचे. राज्याभिषेक शक इसवी सन १६७४च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून मोजायचा. सुहूर सन तर मृग नक्षत्राबरोबर लागतो आणि अरबी संख्यावाचक शब्दांत लिहितात. पानिपतची लढाई ‘इहिदे सितैन मया व अलफ’ साली झाली, म्हणजे ११६१ साली. महिना जानेवारीचा असल्यामुळे त्यात ५९९ न मिळवता ६०० मिळवायचे, की १७६१ हाती येते. एवढा गुंता पूर्वसूरींनी सोडवून ठेवला आहे. मात्र गावोगावच्या इतिहास मंडळांच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘ठीक सायंकाळी ६ वाजता’ असे जे छापलेले असते, त्या कालगणनेकडे एकाही संशोधकाचे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत निबंधात तिला निमंत्रणी सन म्हटले आहे.

प्रथम साधनांचा विचार. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे एकूण बावीस खंड छापले. बखर बाजूला ठेवा, अस्सल समकालीन कागद आणा, हा त्यांचा दंडक. त्यांनी आणि खंडेराव मेहेंदळ्यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत जी लहानमोठी मंडळे निघाली, त्यांनी हा दंडक डोक्यावर घेतला, पण स्वतःला मात्र कधी लावून घेतला नाही. निमंत्रणपत्रिका हे बखरीच्याच जातीचे साधन होय. ती घटनेच्या आधी लिहिलेली असते, लिहिणाऱ्याचा त्यात हितसंबंध असतो आणि तीत अध्यक्ष नेहमी ‘सुप्रसिद्ध’ असतात. अस्सल साधने तीनच : मंडपवाल्याचे चलन, चहावाल्याचे बिल आणि शिपायाची तोंडी साक्ष.

या साधनांवरून दिसते ते असे, की निमंत्रणी सनात किती मिळवायचे हे ऋतूवर ठरते.

उन्हाळ्यातली व्याख्यानमाला ही या प्रांतातली सर्वांत जुनी चाल. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. उन्हाळ्यात छापील वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांत फारसे अंतर पडत नाही. काही अभ्यासक याचे श्रेय श्रोत्यांच्या ज्ञानलालसेला देतात. ते मत ग्राह्य धरता येत नाही. सभागृहातले पंखे मोजके असतात आणि त्यांतला एक नादुरुस्त असतो, हे खरे कारण. साडेसहाच्या व्याख्यानाला सहालाच येऊन पंख्याखालची खुर्ची रुमाल टाकून धरणारा श्रोता विषय विचारत नाही. विषय ‘वाकाटकांची करपद्धती’ असला तरी तो शेवटपर्यंत बसतो आणि टाळ्याही वाजवतो.

पावसाळ्यात गणित अवघड होते. वर्धापनदिन याच दिवसांत येतो. वक्ता एसटीने येणार असतो, समईतली वात ओली असते, काडेपेटी कार्यवाहांच्या दुसऱ्या पँटच्या खिशात राहिलेली असते. मंडळाच्या दप्तरातही याच दिवसांत हालचाल सुरू होते. रुमालात बांधलेली कागदपत्रे ओल धरतात, कसर लागते, आणि कडुलिंबाचा पाला की डांबराच्या गोळ्या यावर कार्यकारिणीत दोन तट पडतात. पावसाळी कार्यक्रमाला सर्वसाधारणपणे अर्धा तास मिळवावा. प्रमुख पाहुणे आमदार असतील तर दीड. आमदार आलेच नाहीत तर कार्यक्रम कोणत्या क्षणी सुरू झाला असे मानावे, याविषयी विद्वानांत एकमत नाही.

दिवाळीत मात्र वजाबाकी करावी लागते, आणि ही गोष्ट संशोधकांनी खास ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून मंडळाच्या किल्ले बांधणी स्पर्धेला विलक्षण बहर आला आहे. परीक्षक दहाला येणार असे सांगितलेले असते आणि पोरे सकाळी सातपासून किल्ल्यापाशी उकिडवी बसलेली असतात. त्यातल्या एका किल्ल्याची मी जवळून पाहणी केली. विटांच्या ढिगावर चिखलात भिजवलेले गोणपाट, त्यावर पेरलेले आणि चार बोटे वाढलेले आळीव, आतून हवाई चपलेचा तुकडा लावून उभा केलेला बुरूज. महाराज सिंहासनावर, आणि त्यांच्यापेक्षा डोकेभर उंच एक मावळा, कारण तो दुसऱ्या दुकानातला होता. फलकावर ‘राजगड’ लिहिलेले होते. परीक्षकांनी पद्मावती माची कुठे आहे असे विचारताच एका मुलीने क्षणाचाही विलंब न लावता पायरीवरच्या सांडलेल्या मातीकडे बोट केले. ‘काम चालू आहे,’ ती म्हणाली. परीक्षकांनी पूर्ण गुण दिले. माझ्या मते योग्यच दिले.

हिवाळ्याचा मुख्य प्रश्न वेळेचा नसून तारखेचा आहे. मंडळाचे शस्त्रप्रदर्शन शिवजयंतीला भरते. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९च्या वैशाख शुद्ध द्वितीयेचा की शके १५५१च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, हा वाद टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केल्यापासून गाजला आणि शेवटी सरकारने १९ फेब्रुवारी मुक्रर केली. मंडळांनी यावर काढलेला तोडगा असा, की प्रदर्शन तारखेलाही भरवायचे आणि तिथीलाही. तलवारी त्याच, टेबलावरची चादर तेवढी बदलायची. गेल्या खेपेला एका ज्येष्ठ सभासदांनी उठून निदर्शनास आणले, की १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख असून आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस १ मार्चला येतो. मुद्दा बिनतोड होता. कार्यवाहांचा चेहरा मात्र पडला, कारण तिसऱ्या प्रदर्शनासाठी मंडळाकडे तिसरी चादर नव्हती.

हे ज्येष्ठ सभासद प्रत्येक मंडळात एक तरी असतातच. प्रश्नोत्तरांच्या वेळी ते ‘माझा प्रश्न नाही, थोडी माहिती द्यायची आहे’ असे म्हणून उभे राहतात आणि मग निमंत्रणी सनाची सगळी कोष्टके कोलमडतात.

अभ्यागतांच्या कार्यक्रमांपैकी ‘आपल्या घरची मोडी कागदपत्रे घेऊन या’ हा माझ्या विशेष आवडीचा. लोक प्लॅस्टिकच्या पिशवीतून, एकदा तर श्रीखंडाच्या डब्यातून, घडीवर घडी घातलेले कागद आणतात. प्रत्येकाच्या घरी परंपरेने चालत आलेली माहिती अशी असते, की आपले मूळ पुरुष सरदार होते आणि हा कागद म्हणजे सनद. वाचक चष्मा वर करून, डोक्यावरच्या रेघेला टांगलेली ती एकात एक गुंतलेली अक्षरे लावू लागतो. सारे कुटुंब वाकते. ‘कारणे कर्जरोखा लिहून दिल्हा ऐसाजे...’ इथपर्यंत आले की सूनबाईंचा चेहरा प्रथम खुलतो, सासूबाईंचा उतरतो. पुढे पंचवीस रुपये, व्याजाचा दर, गहाण टाकलेली म्हैस, दोन साक्षीदार. ‘म्हैस परत मिळाली का?’ असे धाकट्या नातवाने विचारले. अस्सल साधनाला विचारण्याजोगा याहून नेमका प्रश्न मी मोठमोठ्या परिसंवादांतही ऐकलेला नाही. कागद त्यावर मूग गिळून होता.

अभिप्रायांची वही हे आणखी एक दुर्लक्षित दफ्तर. केळकर संग्रहालयातले अडकित्ते आणि दिवे पाहून माणूस थक्क होतो, तिथे अभिप्राय लिहिताना विशेषणांची कमतरता पडत नाही. लहान मंडळाच्या वहीत मजकूर आटोपशीर असतो : ‘संग्रह अमूल्य आहे. स्वच्छतागृह कुठे आहे?’ त्याखाली वेगळ्या शाईत, वेगळ्या हस्ताक्षरात : ‘मागे, डावीकडे.’ एका अभ्यागताने दुसऱ्या अभ्यागताला दिलेले हे उत्तर मंडळाच्या वार्षिक अहवालात यायला हवे होते. तिथे मात्र शाल-श्रीफळाचा तपशीलच पानभर असतो. (शालींचे परिभ्रमण हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. मागच्या वर्षी सत्कारात दिलेली शाल या वर्षी दुसऱ्या मंडळाच्या व्यासपीठावर ओळखू आल्याचे एक विश्वसनीय उदाहरण माझ्याकडे आहे, पण संबंधित मंडळी हयात असल्याने तूर्त थांबतो.)

कार्यक्रम सुरू केव्हा होतो याचा येथवर विचार झाला. तो संपतो केव्हा, हा प्रश्न राहतो. आभारप्रदर्शनाने संपतो, हे मत टिकत नाही. आभारांनंतर चहा असतो, आणि चहानंतर दारातल्या पायऱ्यांवर शनिवारवाड्याच्या आगीविषयी एक निराळेच व्याख्यान सुरू होते. शेवटी मी मंडळाच्या शिपायाचीच साक्ष काढली, कारण किल्ल्या त्याच्याकडे असतात.

‘शेवटचा माणूस फाटकाबाहेर गेला की संपला,’ तो म्हणाला.

‘आणि तो साधारण किती वाजता जातो?’

‘ते तुम्हीच सांगा, साहेब. दर वेळी तुम्हीच असता.’