टेकडीचे मालक

पुण्याच्या वेताळ टेकडीची मालकी सरकारी कागदांवर कुणाच्या नावे आहे, हा वेगळा विषय. पहाटे साडेपाच ते आठ या वेळेत ती टेकडीवाल्या काकांची असते. डोक्यावर माकडटोपी, हातात काठी आणि खांद्यावरच्या शबनममध्ये कोल्ड्रिंकच्या दोन जुन्या बाटल्या, नळाच्या पाण्याने भरलेल्या. त्यातला एक घोटही काका स्वतः पीत नाहीत. ते पाणी ‘आपल्या’ झाडांचं. लॉ कॉलेजमागून चढायचं, वेताळबाबाला नमस्कार करायचा, खाणीवर थांबून कालच्यापेक्षा पाणी कमी झालंय का ते बघायचं आणि एआरएआयच्या बाजूनं उतरायचं, हा त्यांचा रिवाज. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ‘नमस्कार’. रोजच्या माणसाला जोरात, नवख्याला जरा चौकशीच्या सुरात.

नवख्याची परीक्षा खाणीच्या काठावर होते. “हा दगड कुठला, माहितीये?” उत्तराची वाट न बघता काका साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याकडे वळतात आणि दख्खनचं पठार कसं तयार झालं ते सांगतात. सांगण्याचा थाट असा, की लाव्हा थंड होताना ते तिथे उभे होते. मग उंची. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आणि टेकडीचा माथा 800च्या आसपास. काका मात्र हिशेब फुटांत करतात, कारण 2600 हा आकडा भारदस्त वाटतो. शहरातली सगळ्यात उंच जागा आपली, हे ऐकवल्याशिवाय ते नवख्याला पुढे जाऊ देत नाहीत.

एवढं ठासून सांगावं लागतं, कारण पुण्यात टेकड्याही अनेक आणि काकाही. पर्वतीवाले काका पायऱ्या मोजतात. 103 पायऱ्या आणि त्यांच्या किती फेऱ्या झाल्या, याचा हिशेब ते समोरच्याला न विचारता देतात. वेताळवाल्यांच्या मते पायऱ्या चढणं हा व्यायाम आहे, टेकडी चढणं नव्हे. हनुमान टेकडीवाल्यांचं दुखणं निराळं. त्यांच्याकडे इतिहास आहे. 12 जून 1905 रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह भारत सेवक समाजाच्या स्थापनेची शपथ घेतली, ती फर्ग्युसनमागच्या त्या टेकडीवर. हा विषय निघाला की वेताळवाले काका आदरानं मान डोलावतात आणि हळूच विचारतात, “पण उंची किती हो तुमची?”

काकांच्या संसारात खरी खळबळ उडाली ती गवतामुळे. भिंग गळ्यात अडकवून गुडघ्यांवर बसलेली एक मुलगी त्यांना दिसली. वनस्पतिशास्त्र शिकणारी. काका मोठ्या अभिमानानं तिला आपला पिंपळ दाखवायला घेऊन गेले. तिनं अदबीनं, पण स्पष्ट सांगितलं, की काका, या माथ्यावर मुळात गवताळ रान आहे. कुसळी, पवन्या, मधूनमधून सालई. चंडोल आणि तित्तिर इथेच घरटी करतात, त्यांना उघडं रान लागतं. इथे सावली वाढवली की त्यांचं घर जातं. आणि उतारावर माजलेली ती गुलाबी फुलांची गिरिपुष्पाची झाडं मध्य अमेरिकेतली. भराभर वाढतात म्हणून वनखात्यानं लावली आणि आता हटता हटत नाहीत.

काका दोन दिवस गप्प होते. मोज्यातली कुसळं वेचताना त्यांचा चेहरा इतका गंभीर, की सोबतच्यांना वाटलं डॉक्टरांनी काही सांगितलंय. तिसऱ्या दिवशी एका कंपनीची मंडळी टोपी-टीशर्ट घालून खड्डे खणायला आली, तेव्हा काका काठी आपटत पुढे झाले. “इथं झाडं लावायची नाहीत! हे गवताळ रान आहे. परिसंस्था कळते का?” मुलीचं व्याख्यान अल्पविरामासकट त्यांनी म्हणून दाखवलं, तिचं नाव मात्र घेतलं नाही. पिंपळाला पाणी घालणं थांबलं का? नाही. ते आता पाच वाजता घालतात, मुलगी येण्याआधी.

त्यांची थट्टा करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. 2023 च्या एप्रिलमध्ये, बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंतचा रस्ता आणि टेकडीखालून बोगदे या बेतांविरुद्ध मोर्चा निघाला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत तरुण होते, कॉलेजची मुलं होती आणि माकडटोपी काढून गांधीटोपी घातलेले काकाही होते. खाणीजवळून बोगदा गेला तर खडकातल्या पाण्याचं काय होईल, हा प्रश्न ते वर्षानुवर्षं भेटेल त्याला विचारत होते; तेव्हा लोक घड्याळ बघायचे. विकास आराखडा, हरकती-सूचना, 23 गावांसाठीचं बीडीपीचं (जैवविविधता उद्यानाचं) 978 हेक्टरांचं आरक्षण, सारं त्यांना तोंडपाठ. शहराच्या टेकड्या नुसत्या तज्ज्ञांच्या अहवालांनी टिकत नाहीत. त्यांना अशी रोज हजेरी घेणारी, थोडी तिरसट माणसं लागतात. मोर्चात पर्वतीवालेही आले होते. काकांनी त्यांना चहा पाजला आणि चढताना दम लागला का, ते दोनदा विचारलं.

घरी त्या लढ्याची एक जाडजूड फाइल आहे. हरकत, हरकतीची पोच, स्मरणपत्र, स्मरणपत्राचं स्मरणपत्र, माहिती अधिकाराचे अर्ज, अपील, सगळं तारीखवार. शेवटचा अर्ज मात्र बोगद्याबद्दल नाही. आपल्याच इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ कुत्र्याला साखळीशिवाय टेकडीवर सोडतात आणि ते नेमकं पिंपळाशीच थांबतं, अशी ती तक्रार आहे. काकी म्हणतात, देऊ नका. त्यांच्याकडूनच आपण विरजण आणतो.