रिजेक्शनचं कारण

रिटायर झालेल्या माणसाला व्यायाम कर म्हणून सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. मला कुणी सांगायची गरज नव्हती. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत जन्मभर दुसऱ्यांकडून टार्गेट पुरं करून घेतलेला माणूस मी. स्वतःकडून करून घेणं त्यापुढं काय अवघड? शिवाय कोल्हापूरचा. आमच्याकडं तालमीच्या दारावरून नुसता गेलेला माणूसही स्वतःला निम्मा पैलवान समजतो. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानात शेंगा खात मी एवढ्या कुस्त्या बघितल्यात, की जोर-बैठकांचं पुण्य परस्पर माझ्या खात्यावर जमा झालं असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

मुलानं मनगटाला घड्याळ बांधलं. रोज दहा हजार पावलं! हा आकडा डॉक्टरांचा नव्हेच. १९६५ साली जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, तेव्हाचा तो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम पुरे म्हणते. हे मी घरात वाचून दाखवलं, तर बायको म्हणाली, "म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटं. तेवढं तर तुम्ही चष्मा शोधत फिरताच की."

तरी मी रजिस्टर घातलं. फौंड्रीत असतं तसंच: टार्गेट, प्रत्यक्ष, रिजेक्शन, कारण. यातला शेवटचा रकाना म्हणजे आमच्या धंद्यातलं खरं साहित्य. कास्टिंग खराब निघालं की मोल्डिंगवाला म्हणणार, धातू थंड होता. फर्नेसवाला म्हणणार, वाळू ओली होती. वाळूवाला म्हणणार, कोअर कच्चा होता. आणि कोअरवाला नेमका त्या दिवशी रजेवर! हे सगळं ऐकून गंभीर चेहऱ्यानं एका ओळीत लिहायचं, याचा मला पगार मिळायचा. ती कला वाया कशी जाऊ द्यायची? रात्री भरीत-भाकरी जास्त झाली, तर सकाळी नोंद: 'ब्लो होल, आत वायू अडकला.' थंडीत अंथरूण सुटलं नाही, तर 'कोल्ड शट, धातू वाटेतच थिजला.' सकाळचं फिरणं संध्याकाळवर ढकललं, तर 'शिफ्ट, साचा सरकला.' पाऊस असला की मग काय, 'वाळू ओली.' महिनाअखेरीला रजिस्टर वाचताना वाटायचं, माल निघाला नसेल, पण कागद काय फर्मास झालाय! ऑडिटवाल्यानं बघितला असता तर पाठ थोपटली असती.

निघालो तर एमआयडीसीच्याच रस्त्यानं जातो. फर्स्ट शिफ्टची पोरं अजून 'साहेब' म्हणतात, हे एक कारण. कंटेनर अंगावर येतात, फुटपाथ शोधावा लागतो, पण त्या एका 'साहेब'साठी मी छाती काढून चालतो. एकदा चहाच्या गाड्यापाशी नॉकआउट खात्यातला जुना गडी दिसला. तिथं ओतलेले साचे फोडतात आणि वाळूची धूळ उठते. मी घड्याळ दाखवून ऐटीत म्हटलं, "रोज थोडी थोडी पावलं वाढवायची बघ." तो हसला. हसता हसता खोकायला लागला, तो थांबेचना. "साहेब, जिना चढायचा तर मधे दोनदा बसतोय," म्हणाला.

वाळूतल्या सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसली की जो व्रण पडतो, तो भरून यायला औषध नाही. चालून तर नाहीच नाही. माझ्या केबिनला काच होती. आत बसून मी ह्या गड्याचं उत्पादन लिहायचो. रजिस्टरात टनांचा रकाना होता, रिजेक्शनचा होता, धुळीचा नव्हता. आणि मी त्याला पावलं शिकवत होतो! त्या दिवशीचा राग अजून गेलेला नाही. घड्याळावर नव्हे, त्या काचेवर.

परवाही पोरं मास्क गळ्यात अडकवून गेटातून आत जाताना बघितली. बाबांनो, तो नाकावर घ्या. आणि मालक मंडळींनो, तोंडाला बांधलेलं फडकं म्हणजे मास्क नव्हे. चांगले मास्क द्या, धूळ ओढून घेणारं यंत्र नॉकआउटलाच बसवा, आणि साहेब लोक पाहणीला यायच्या दिवशीच नव्हे, तिन्ही शिफ्टला चालू ठेवा.